औषध परत द्या

आशाने गुळाचा खडा गालात धरून चोखला, संपवला आणि चिकट हात बापापुढे करून म्हणाली, "परत दे." एवढंच. सकाळचं ऊन ओसरीवर आलं होतं, गुणवंतराव मास्तरांचं धोतर मांडीवर ओलं झालं होतं, आणि त्या ओल्या धोतराचा त्यांना असा आनंद झाला होता की विचारू नका. पोरीने बापाच्या मांडीवर मुतावं आणि बापाने त्याबद्दल तिला गूळ भरवावा, असं अख्ख्या चांद्यात कुठल्या घरी घडलं नसेल. पण या घरात आठवडाभर दुसरा विषयच नव्हता. उठल्याबरोबर मास्तर पोरीला मोरीत नेऊन बसवायचे, स्वतः शेजारी उकिडवे बसून तोंडाने शूऽऽ करायचे, आणि ती बया त्यांच्याकडे पाहून नुसती हसायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ते लाल औषध ज्या लेकराच्या पोटात गेलंय त्याच्या लघवीवर नजर ठेवा, नडगीवर अंगठा दाबून पाहा, खड्डा राहिला तर तडक घेऊन या. आठवडा नीट गेला तर मात्र भीती नाही. आशाच्या पोटात फारसं गेलंच नव्हतं. पहिला चमचा तिने बापाच्या सदऱ्यावर थुंकला होता, पुढचे दोन कसेबसे उतरले. तरी जीव टांगणीला लागायचा तो लागलाच. आज आठवडा पुरा झाला, मांडी गरम झाली, आणि मास्तर घराबाहेर ऐकू जाईल असे ओरडले, "अगं ए, हिने परत केली!" मनकर्णा चुलीपुढून उठून आली आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. मग गुळाचा डबा निघाला.

"परत दे," पोरगी पुन्हा म्हणाली, आणि मास्तरांचा डब्यात गेलेला हात डब्यातच राहिला. रोजचे शब्द. भात परत दे, पाणी परत दे, गोष्ट परत सांग. या घरात दिवसभर हेच चाले, खुद्द मास्तर आता तेच ओरडले होते. पण या वेळी मास्तरांना त्यातला 'पुन्हा' ऐकू आला. "द्या ना मंग तिले. काऊन थांबले?" मनकर्णा म्हणाली. मास्तरांनी डबा खाली ठेवला. आवाज शक्य तितका सरळ ठेवून त्यांनी विचारलं, "मनकर्णे, तुला कोणी निरोप धाडला की औषध परत द्या, तर तू काय करशील?" "कोन्तं औषध?" "कुठलंही. घरात असेल ते." "देईन ना मंग," ती म्हणाली, "पोरीले देईन. खोकला पुरता गेला नसन म्हणून सांगतलं असन कोणी." हे ती इतक्या सहज बोलली की तिच्या हातातलं काम थांबलंसुद्धा नाही. मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं जी? तोंड काऊन असं पांढरं पडलं?" मास्तर उठले. ओल्या धोतरानिशी दोनदा ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. "रुखमाबाईला मी निरोप धाडला," ते म्हणाले, "तोच." मनकर्णाच्या हातातलं काम आता थांबलं. आशा तेवढी डब्याशी जाऊन आपल्या हाताने गूळ काढू लागली.

झालं होतं ते असं. त्या वर्षी थंडी जरा लवकर पडली आणि गावातली पोरं खोकू लागली, तेव्हा बाजारात ते औषध आलं. लालचुटुक, गोड, बाटलीवर हसऱ्या बाळाचं चित्र. जो तो तेच घेऊन जाई. मास्तरांनीही एक बाटली आणली. पोरगी थुंकली म्हणून बाटली तशीच राहिली, आणि बाजाराच्या दिवशी मास्तरांची मोठी बहीण रुखमाबाई, तिला ते नुसतं बाई म्हणत, खैरटोल्याहून आली तेव्हा ती कामी आली. खैरटोला म्हणजे पोंभुर्ण्याच्या पलीकडे जंगलाला चिकटलेलं गाव. बाईच्या डोमालाही खोकला होता. डोमा तीन वर्षांचा; बाईच्या आधीच्या लेकरांमधलं एकही जगलं नव्हतं आणि हे उशिराचं, नवसाचं. मनकर्णाने आपली खोबरेल तेलाची शिशी धुऊन पुसून अर्धं औषध तिच्यात ओतून दिलं. बाईने ती लुगड्याच्या ओच्यात अशी जपून बांधली की मास्तरांना हसू आलं होतं. ती गेली, आणि चार-पाच दिवसांनी नागपूरहून तार आली की हे औषध काढून घ्या, दूर कुठे लेकरं सुजून दगावली आहेत. धावपळ उडाली. दवंडी द्यायची ठरली, आणि मजकूर कोणी लिहायचा म्हटल्यावर नगरपालिकेने गुणवंतराव मास्तरांनाच बोलावलं, कारण गावात त्यांच्याइतकी शुद्ध मराठी दुसऱ्या कोणाची नव्हती. मास्तरांनी मजकूर मोठा झकास केला. लाल औषध लेकरांना पाजू नये. उरलेले ओतू नये, दुसऱ्यास देऊ नये. बाटली औषधासह दवाखान्यात परत करावी. लेकराची लघवी थांबल्यास, तोंड सुजल्यास घरी अंगारे-धुपारे करीत न बसता दवाखाना गाठावा. दवंडीवाला लटारू डफडं बडवत गल्लीगल्लीतून ओरडला. लोक त्याला मुनादी म्हणतात. मास्तर मात्र दवंडीच म्हणत. आणि तरी दुसऱ्या दिवशी एक बाई स्वच्छ धुतलेली रिकामी बाटली घेऊन दवाखान्यात हजर झाली. औषध कुठे, तर म्हणे, ते वाटीत काढून ठेवलं, वाया कशाले घालवाचं, तुमी बाटली मांगतली ना! हे ऐकून मास्तर पोट धरून हसले होते. काय ही माणसं, म्हणाले होते. ते हसणं आता ओसरीवर उभ्या असलेल्या मास्तरांना जसंच्या तसं ऐकू आलं, आणि त्यांना आपल्या आवाजाची किळस आली.

कारण त्या बाईवरूनच तर मास्तर शहाणे झाले होते! बहिणीला निरोप धाडायचा तर बाटली म्हणायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. बाटली म्हटलं तर तीही शिशी धुऊन पाठवेल आणि औषध ठेवील फडताळात. तेव्हा औषध म्हणायचं. निरोप न्यायला वारलू सापडला, खैरटोल्याचाच, जटपुरा गेटाबाहेर गाडी सोडून बसला होता. तो गावावरून पुढे बांबूच्या कटाईला जायचा होता, लवकर चांद्याला यायचा नव्हता. पण बाईचा नवरा मुखरू येत्या बाजाराला धान घेऊन येणारच होता, त्याच्या हाती ती औषध देईल, असा मास्तरांचा हिशेब. पाजू नका हे सांगायचं त्यांच्या मनात आलं होतं. आलं नव्हतं असं नाही. पण औषध वाईट निघालं एवढं जरी बाईच्या कानावर गेलं तर ती गावभर ऊर बडवत फिरेल, चार दिवस अन्न शिवणार नाही. शिवाय डोमाचा खोकला एव्हाना गेलाच असेल, शिशी नुसती पडून असेल. उगाच कशाला घाबरवा? म्हणून त्यांनी निरोप छोटा केला. औषध परत द्या. बाजाराच्या आत द्या. सगळं द्या, एक थेंबही ठेवू नका. वारलू म्हणाला, "सांगतो ना मास्तर." पण मास्तर ऐकतात कुठले! त्यांनी त्याला गाडीच्या दांडीवर बसवून वर्गातल्या पोरासारखं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. तो औशद म्हणाला तेव्हा त्यांनी औषध म्हणवून घेतलं. तो एकदा चुकून "वापस" म्हणाला. म्हणाला होता! आता आठवलं, स्वच्छ आठवलं. "औषध वापस द्या," तो म्हणाला होता, आणि मास्तरांनी मान हलवून त्याला थांबवलं होतं, "वापस नव्हे रे. परत. परत द्या, म्हण." आणि वारलू बिचारा म्हणाला होता, परत द्या. त्याला अर्थ कळला होता तो तेवढ्यापुरताच, आणि तो मास्तरांनी आपल्या हाताने पुसला होता.

मोटार स्टँडवर मास्तर पोचले तेव्हा अंगात सदरा कालचाच होता आणि टोपी घरी राहिली होती. मनकर्णाने मागून हाक मारून विचारलं होतं, "आज गेले तं पोचान का वेळेवर?" ते तोवर गल्लीच्या वळणावर होते. मोटार भरल्याशिवाय ड्रायव्हर हलेना. मास्तर आत बसून राहिले, बोटं नाकाशी गेली तर त्यांना त्या औषधाचा गोड वास आला. आठवड्यापूर्वी धुतलेल्या बोटांना वास कसा येईल? गुळाचा असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि हात मांडीखाली दाबून ठेवले. मोटार गेटाच्या कमानीतून बाहेर पडली तसा परकोटाचा काळा दगड मागे सरला आणि मास्तरांना परवाचा दिवस आठवला. पुण्याकडचे साहेब शाळा तपासायला आले होते. राज्य बदललं होतं, नागपूर सुटून मुंबईला जोडलं गेलं होतं, आणि नवे साहेब सगळे तिकडचे. या साहेबांसाठीच मास्तर स्वतः खैरटोल्याला गेले नव्हते. आशाला सोडवत नव्हतं हे खरं. पण साहेब येणार होते हेही खरंच, आणि दोन्हींतलं जास्त खरं कोणतं हे मोटारीत धक्के खाताना त्यांना लपवता येईना. त्यांनी साहेबांपुढे इतिहासाचा पाठ घेतला होता. पेशवाईतला. एका अक्षराने कसा घात केला, ध चा मा कसा झाला, धरावे होतं तिथे मारावे कसं झालं आणि एक कोवळा जीव कसा हकनाक गेला. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. पाठ संपल्यावर साहेब खुर्चीतून उठून म्हणाले, "वा! चांद्यासारख्या ठिकाणी इतकी शुद्ध मराठी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं हो." मास्तर तो दिवसभर जमिनीवर नव्हतेच. त्याच घटकेला वारलू खैरटोल्यात शिरत असेल. आणि तिथे कोणीच ध चा मा केला नसेल. अक्षर न् अक्षर बरोबर पोचलं असेल.

वारलू, विसर रे बाबा, मास्तर मनात म्हणू लागले. वाटेत दारू पी. कुणाच्या लग्नात शीर. गाडीचं चाक निखळू दे. सोबत्याशी भांडण होऊ दे आणि माझा निरोप तुझ्या डोक्यातून पार निघून जाऊ दे. ज्याच्याकडून घोकून घेतलं त्याच्याच विसराळूपणासाठी देवाला साकडं घालायचं, असा प्रसंग कोणावर येऊ नये. पण वारलू विसरणारा नव्हता हे त्यांना ठाऊक होतं. लहानपणी नदीवर दोघं बरोबर पोहले होते. वारलूच्या तोंडी गावातली सगळी गाणी होती, एकही कडवं न गाळता. तेव्हा गुणवंतराव नव्हते, गुणवंता होता, आणि तो मले-तुले करत होता. आई लवकर गेली. बाईनेच त्याला अंघोळी घातल्या, तिनेच भात कालवला. मग शिकायला नागपूर. तिथे पहिल्याच दिवशी वर्गात उभं राहून तो म्हणाला, "मले नाई समजलं, सर," आणि अख्खा वर्ग हसला. सरही हसले. वाईट मनाने नव्हते हसले, पण हसले. त्या रात्री वसतिगृहात त्याने पांघरूण तोंडावर घेऊन मला, तुला, त्याला असं म्हणत म्हणत झोप घेतली. पुढे ते इतकं अंगी मुरलं की सुटीत गावी गेला तरी सुटेना. बाई हसायची. "आमचा बापू साहेबावानी बोलते," असं शेजारणींना कौतुकाने सांगायची, आणि त्याचं बोलणं अर्धं कळलं नाही तरी मान डोलवायची. तिने कधीच विचारलं नाही, म्हणजे काय रे बापू? शिकलेल्या भावाला तो काय म्हणतो असं विचारणं तिला अपमान वाटायचा, भावाचा. हे मास्तरांना माहीत होतं. वर्षानुवर्षं माहीत होतं, आणि त्याचं त्यांना बरंच वाटत आलं होतं.

फाट्यावर उतरून ते पायी निघाले. दोन्हीकडे धान कापून पडलं होतं, कुठे पेंढ्या बांधणं चाललं होतं. बांधावरच्या बाया ओळखून हाका मारत होत्या आणि मास्तर हात वर करून पुढे जात होते. आता त्यांचं डोकं एकाच शोधाला लागलं होतं. बाईने कधीतरी, एकदा तरी, परत हा शब्द त्यांच्या अर्थाने वापरला असेल. एकदा सापडला तरी पुरे होता. भात परत घे, बापू. परत वाढू काय? परत खोडी केली तर पाहा. हे सगळे पुन्हाचे. शेजारचं सूप आणलेलं असायचं, ते देऊन यायचं असायचं, तेव्हा काय म्हणायची? "सुपडं वापस देऊन ये." मामाकडून आली की? "वापस आली मी." रुसून गेलेला मुखरू? "येईन वापस, जाते कुठी." आई गेली तेव्हा दारात बसून चार वर्षांच्या गुणवंताने विचारलं होतं, आई केव्हा येईल, आणि बाई, स्वतः एवढीशी पोर, म्हणाली होती, "आता नाई येत गा ते वापस." मास्तरांनी सगळं आयुष्य चाळून काढलं. रानातला रस्ता, सागाची वाळकी पानं पायाखाली मोडत होती, ऊन कलायला लागलं होतं, आणि त्यांना ओळखीच्या आवाजातलं एकच एक वाक्य हवं होतं. ते नव्हतं. मग त्यांनी दुसरा आधार धरला. डोमाचा खोकला गेला असेल तर बरं असलेल्या पोराला कोण औषध पाजतं? कोणीच नाही. बाई काही खुळी नाही. हा आधार चांगला होता, आणि गावची पहिली घरं दिसेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

बाई अंगणात होती. भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती आणि मांडीवर डोमा होता. मास्तरांना पाहताच तिचं तोंड असं उजळलं की त्यांचे पायच थांबले. "आला काय गा बापू! मी याच्या बापाले म्हणतच होती, माह्या भावाले कळल्याबिगर राहत नाई." मग ती डोमाच्या कानाशी वाकली. "पाह्य रे, मामा आला." डोमाने पाहिलं नाही. त्याचे डोळे सुजून बारीक झाले होते, गाल चकाकत होते. मास्तर जवळ बसले. आठवडाभर आशाच्या नडगीवर दाबायचे तसा त्यांनी अंगठा डोमाच्या नडगीवर दाबला, उचलला. खड्डा राहिला. ते पाहत राहिले तरी तो भरेना. "कालपासून मुतलाच नाई गा," बाई म्हणाली. "पुजाऱ्यानं भस्म लावलं, काही उतार नाई. नाईतर खोकला कधीचाच गेला होता याचा. दोन रोज दवाई देल्ली अन् पोट्टं मस्त खेळे. मी शिशी वरते ठेवून देल्ली होती, पुढच्या हिवाळ्याले कामी पडन म्हणून. मंग वारलू आला. म्हणे, मास्तरनं सांगतलं, औषध परत द्या, बाजाराच्या आत, सगळं द्या, एक थेंबही ठेवू नका. मी म्हटलं, खोकला तं नाई, मंग काऊन? तो म्हणे, मले नाई माहीत बाई, माह्याकडून पाठ करून घेतलं मास्तरनं." बाईला त्यांना सगळं नीट सांगायचं होतं, कुठे काही कमी केलं नाही हे भावाला कळायला हवं होतं. "मी म्हटलं, शिकलेला भाऊ सांगते तं काही असनच. याले नोको होतं. लई झुंजला. याच्या बापानं पाय धरले, मी नाक दाबलं. थुंकलं तेही बोटानं पुसून घातलं तोंडात. तू एक थेंबही ठेवू नोको म्हणला ना!" दारात मुखरू उभा होता, खाली पाहत. बाईने हात लांबवून कुडाच्या काडीवर उपडी घातलेली शिशी काढली. धुतलेली होती, आत काहीच नव्हतं. "हे मनकर्णाची शिशी," ती म्हणाली, "आठवणीनं वापस ने. तिले लागन."

शिशी मास्तरांच्या हातात आली. वापस, ती म्हणाली होती. तोंड उघडलं तर त्यातून काय बाहेर पडेल याची मास्तरांना भीती वाटली, म्हणून ते एवढंच म्हणाले, "गाडी जुंप, मुखरू. दवाखान्यात न्यायचं." मुखरूने बैल आणले. तणसावर गोधडी अंथरली, बाई डोमाला घेऊन बसली, मास्तर मागे पाय सोडून. गाडी निघाली तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. फाट्यावर शेवटची मोटार मिळाली तर मिळाली. बैल धावले तर बाई म्हणे, हळू, पोराले धक्के बसतात. हळू चालले तर मास्तर मान वळवून उन्हाकडे पाहत. डोमाच्या श्वासाला एक घरघर लागली होती. बाई त्याला मामाच्या गावच्या गोष्टी सांगत होती. तिथी मोटारी राहतात. तिथी आशा हाये, तुही बहीण, तिच्यासंग खेळजो. मोठा डॉक्टर एक सुई देईन अन् तू टुणकन उठशीन. मास्तर ऐकत होते. दवंडीतलं वाक्य न् वाक्य त्यांना पाठ होतं, पाजू नये, ओतू नये, दुसऱ्यास देऊ नये, आणि दुसऱ्यास देऊ नये हे लिहिताना त्यांचा हात क्षणभरसुद्धा अडखळला नव्हता. नाल्याच्या उतारावर गाडी थांबून थांबून उतरली, पाण्यातून चाकं गेली, पलीकडचा चढ बैलांनी दमानं चढला. वर आल्यावर मास्तरांच्या ध्यानात आलं की घरघर ऐकू येत नाही. बाईच्याही ध्यानात आलं होतं. तिने डोमाच्या नाकाशी बोट धरलं. मग गाल चोळले. मग त्याला छातीशी उचलून घेतलं आणि हलवलं, झोपेतून उठवायला हलवतात तसं. मुखरूने मागे वळून पाहिलं आणि कासरा ओढला.

ती रडली नाही. रडणं पुढे कुठेतरी होतं, अजून आलं नव्हतं. लेकराला तशीच धरून ती बसून राहिली. खाली नाल्याचं पाणी वाजत होतं, बैल फुरफुरत होते. मग तिने भावाकडे पाहिलं. "बापू," ती म्हणाली, "दवाई कमी पडली काय गा? आखीन थोडी असती तं वाचला असता काय?"

हो म्हणायचं होतं. हो म्हणणं सोपं होतं. हो बाई, कमी पडली, दैवात नव्हतं. बहीण जन्मभर तेवढ्यावर जगली असती, बाजाराला येताना मनकर्णासाठी चारोळी आणत राहिली असती, आणि शिकलेल्या भावाने केलं तेवढं खूप केलं असं शेजारणींना सांगत राहिली असती. मास्तरांनी तोंड उघडलं. जे आलं ते नागपूरच्या वर्गात हसण्यावारी गेल्यापासून कधी आलं नव्हतं. "नाई बाई," ते म्हणाले. "ते दवाई खराब निंघाली. जहर होतं ते. मी पाजाले नाई सांगतलं तुले. मी ते माह्याकडं मांगतलं होतं. मले ते वापस पायजे होतं."

"वापस?" रुखमाबाई म्हणाली.

"हाव."

एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदाच भावाच्या बोलण्याचा अर्थ विचारला होता आणि तो तिला पुरता कळला होता. तिने लुगड्याचा पदर ओढून डोमाच्या तोंडावर घेतला, थंडी लागू नये अशा बेताने कडेने खोचला. "मंग वापस म्हणाचं ना, बापू," ती म्हणाली. "तुले तं येत होतं."

मुखरू खाली उतरला, त्याने बैलांची वेसण धरून गाडी वळवली, आणि गाडी नाल्याकडे वापस निघाली.